मावशींची तेलाची वाटी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी वाटी आहे. माझा काठ एका जागी चेपला आहे आणि बूड तापून तापून काळे पडले आहे. जेवणाच्या ताटात बसणे माझ्या नशिबात नव्हते. माझ्यात तेल कोमट करायचे आणि मावशींनी ते चोळायचे, एवढेच माझे काम. कुणाची मान धरली, कुणाची कंबर भरली, की शेजारीपाजारी यायचे आणि म्हणायचे, "मावशींच्या हाताला गुण आहे." त्यातला निम्मा गुण माझाच, असे मला वाटायचे. केवढी शेफारले होते मी!

मावशींचे यजमान शिंपी. दुकानाच्या पायरीवरून घसरून त्यांचा घोटा मोडला आणि महिनाभर ते प्लास्टर घालून पडून राहिले. प्लास्टर निघाले, पण चार दिवसांत त्याच पायाची पोटरी सुजली. ती लाल, गरम आणि टणक झाली होती. दुसरा पाय होता तसाच होता.

"अहो, दवाखान्यात जाऊ या का?" मावशींनी विचारले.

"तुझा हात असताना डॉक्टर कशाला? चोळ जरा," ते हसून म्हणाले.

मावशींनी दोन दिवस अगदी मनापासून चोळले. तिसऱ्या सकाळी चोळता चोळताच ते एकदम उठून बसले. "श्वास पुरत नाही गं," एवढेच म्हणाले. गाडी येईपर्यंत सगळे संपले होते.

पडून राहिल्याने पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. ती सुटली, हृदयातून पुढे गेली आणि फुप्फुसात अडकली.

"पाय कुणी चोळला होता का?"

"मीच," मावशी म्हणाल्या.

त्या दिवसापासून मी कपाटाच्या वरच्या फळीवर आहे. राग तरी कुणावर काढू? तेल माझ्यातच तापले होते.

गेल्या महिन्यात शेजारच्या सूनबाई आल्या. "मावशी, तुमची ती वाटी द्या ना. प्रवासातून आल्यापासून मामंजींचा पाय सुजलाय."

"एकच पाय?"

"हो, डावा. गरमही लागतोय."

"वाटी नाही मिळायची. पायाला हात लावू नका, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या."

"एवढीशी वाटी, तीही देववत नाही!" सूनबाई जिन्यात तणतणल्या. मावशींनी चपला घातल्या, त्यांच्या मागोमाग गेल्या आणि म्हाताऱ्यांना गाडीत बसवूनच परतल्या.

सूनबाई अजून मावशींशी बोलत नाहीत. मामंजींची पावले मात्र जिन्यात रोज वाजतात. ती ऐकली की मावशी घरातला रिकामा पलंग बघत बसतात.

मित्रांनो, मला घासून लख्ख करा, असे मी म्हणणार नाही. मला धूळ खाऊ द्या. पण कुणाचा एकच पाय सुजला, तर मला शोधत येऊ नका.