कळप-प्रमुख पाहिजे

बसा बे असं सावलीला. घाई असंल त्यानं आत्ताच उठावं, अर्धी गोष्ट ऐकून गावात उलटी सांगत फिरू नये. नांदूरघाटच्या छबुबाईला नोकरी कशी लागली, ते सांगतो. बाईला घड्याळ बघता येत न्हाई, सही येत न्हाई, पण आज तिच्या नावाचं पत्र कंपनीच्या कपाटात हाय. एक आधीच सांगून ठेवतो. ह्या गोष्टीत मेंढरं लई हायेत, पण किती ते मी सांगणार न्हाई. कावून, ते पुढं कळंल.

तर सकाळचे आठ वाजलेले. माळावर मेंढरांचा वाडा, भोवती जाळी लावलेली. जाळीचं तोंड उघडून छबुबाई उभी. अंगावर हिरवंगार नवं लुगडं, घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. डोक्याला तेल चापून चोपून. आणि वासाचा साबण असा लावलेला की वारा कुठून वाहतोय ते लांबच्या माणसाला कळावं. तिनं जीभ टाळूला लावून रोजचा आवाज काढला. च्यक च्यक.

एक बी मेंढरू उठलं न्हाई.

कळपाचा म्होरक्या मेंढा होता, त्याला सगळे सरपंच म्हणायचे. त्यानं मान वर केली, वास घेतला, आणि तोंड फिरवून बसला. म्होरक्याच बसला म्हटल्यावर बाकीच्यांचं काय.

"रोज उठत्यात," छबुबाई म्हणाली. "आजच काय झालंय कुणाला ठावं."

जाळीबाहेर गहिनीनाथ अण्णा उभे होते, मेंढी कंपनीचे चेअरमन. मिशीला हात लावून म्हणाले, "रोज उठत्यात, आन् आज मॅडम आल्या म्हणून उपोषणाला बसले. सरपंचच हाय तो."

मॅडम म्हणजे बीडहून आलेली धनश्री. पंचविशीतली पोरगी, खांद्याला पिशवी, हातात फळीला अडकवलेले कागद. ती हसली, पण कागदावर काहीतरी लिहिलं.

आता हे असं कावून झालं, ते ऐका. कंपनी म्हणजे काय, पत्र्याच्या दोन खोल्या आणि हा वाडा. पाच गावच्या लोकांनी आपापली मेंढरं एकत्र घातलेली. छबुबाईचा नवरा सटवा वारला, तेव्हा एकटीनं रानोमाळ कळप फिरवणं तिला झेपंना. तिनं आपली मेंढरं कंपनीला दिली, पण बोली केली की राखणार मीच. दोन वर्षं त्या बोलीवर चाललं. मग संचालकांच्या मनात आलं, सगळं कागदावर पाहिजे. कळप-प्रमुखाची कायमची जागा काढायची, जाहिरात द्यायची. अण्णांनी झटक्यात अटी सांगितल्या. जनावरांची पदविका, संगणकाचं ज्ञान, मोटारसायकलचा परवाना. ह्या तिन्ही गोष्टी साऱ्या नांदूरघाटात एकाच माणसाकडं होत्या, अण्णांचा पुतण्या उत्तरेश्वर. अण्णा वाईट माणूस न्हाई हो. पोरगं शिकून घरी बसलेलं, चुलत्याचा जीव तुटणारच. पण एक संचालक अडला. म्हणाला, आधी काम काय हाय ते बघा, मग माणूस बघू.

म्हणून धनश्री आली. तिचं शिक्षणच त्याचं. कुठंबी जायचं, काम करणाऱ्याच्या मागं मागं राहायचं, विचारायचं, लिहायचं. ह्या कामात नेमकं करावं काय लागतं, त्याला काय काय यावं लागतं. ती जे लिहील, त्यावरनं जाहिरात.

छबुबाईनं ऐकलं आणि तिला कळलं एवढंच, की परीक्षा हाय. नणंद सारजाबाई तर आगीत तेल. "शिकल्यासवरल्या पोरीम्होरं मेंढराचा वास मारत जातीस व्हय? चांगलं लुगडं नेस. साबण मी देते." म्हणून हा सगळा थाट.

जागा हुकली तर काय होणार, ते छबुबाईनं रात्रंदिवस घोळवलं होतं. सारजाबाई दोन घास घालायला कमी करणार नव्हती. पण कळपात एक कानतुटी नावाची मेंढी होती. सटव्यानं कोकरू असताना कोल्ह्याच्या तोंडातून ओढून काढलेली, कान तेवढा कोल्ह्याकडं राहिला. ती आणि तिची लेक. त्या दोघी दुसऱ्याच्या हाताखाली जाणार आणि आपण उंबऱ्यावर बसून लांबून घंटा ऐकणार, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं.

"मावशी, तुम्ही काय काय काम करता?" धनश्रीनं विचारलं.

"काम कुठं करते बाई. मेंढरामागं हिंडते."

"अजून?"

"अजून काय? हिंडून आले की बसते."

धनश्रीनं एक ओळ लिहिली आणि पेन थांबलं.

तेवढ्यात उत्तरेश्वर जाळीत शिरला. हातात टकटक करत मोजायचं यंत्र. बसलेली मेंढरं मोजायला सोपी. त्यानं दोन मिनिटांत मोजली आणि आकडा खणखणीत मोठ्यानं सांगितला. छबुबाईनं जवळच्या कोकराचे कान झाकले.

"छबुबाई, आता तुमी सांगा," अण्णा म्हणाले. "मेंढरं किती?"

"हायेत तेवढी हायेत."

"म्हंजे किती?"

"अण्णा, तुमी जाणते हाव. मेंढराचा आकडा तोंडानं बोलत्यात व्हय? नजर लागती. आमच्यात न्हाई बोलत कोण."

"मॅडम, मोजणी येत न्हाई असं लिवा," अण्णा म्हणाले. धनश्रीनं जरा थांबून कागदावर फुली मारली. छबुबाईला अक्षर येत न्हाई म्हणून काय झालं, फुली सगळ्यांना वाचता येते.

झालं. तिनं पदर कमरेला खोचला आणि पत्र्याच्या खोलीमागं गेली. मनात म्हणाली, जागा तर गेली, आता मुक्या जिवांना उपाशी कावून ठेवायचं. दोरीवरचं रोजचं लुगडं नेसली, लोकरीच्या वासानं जड झालेलं. खांद्यावर घोंगडी टाकली, झिजल्या चपला घातल्या आणि वाड्याच्या तोंडाशी आली. तोंडानं आवाज काढायच्या आधीच सरपंच उठला. त्याच्यामागं सगळा कळप उठला, अंग झाडलं, आणि धुरळा करत तिच्या मागं निघाला.

धनश्री बघत राहिली. मग तिनं सकाळच्या कागदावर उभी रेघ ओढली आणि पळत छबुबाईला गाठलं.

"मावशी, सकाळचं सगळं रद्द. सकाळी तुम्ही माझ्यासाठी उभ्या होतात. आता मेंढरांसाठी चाललाय. मी मागं येते. एकच विचारीन, थांबलात की का थांबलात ते."

"उन्हानं चक्कर येईल तुला बाई."

"येऊ द्या."

माळ ओलांडला आणि छबुबाई थांबली.

"का थांबलात?"

"थांबले म्हंजे थांबले. आता सगळ्याला कारण असतंय व्हय." मग चार पावलं गेल्यावर स्वतःच म्हणाली, "ते बघ, तितं ज्वारी काढलीय. धाटाला फुटवा आलाय, पाण्यावाचून करपलेला. लई गोड लागतंय मेंढराला. चार घास खाल्लं की जागेवर आडवं. म्हणून वळसा घालायचा."

धनश्रीनं लिहिलं. कपाशीच्या बांधाशी बाई पुन्हा थांबली, नाक वर केलं. "काल फवारलंय हितं." पुढं लिंबाखाली थांबली. "ती मागं रेंगाळायलीय बघ. परवापस्तोर कोकरू घालंल. तिला दमानं न्यावं लागंल." मग चिंचेखाली थांबली आणि धनश्रीनं पेन सावरलं.

"आता का थांबलात मावशी?"

"आता भाकर खायची हाय. ते बी लिव्हणार का?"

दोघी पोट धरून हसल्या. छबुबाईनं फडकं सोडलं, अर्धी भाकर आणि ठेचा पोरीच्या हातावर ठेवला. ठेच्यानं धनश्रीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं भाकर संपवली. छबुबाईला तिथून ती पोर आवडायला लागली.

दुपारी पाण्याच्या हौदावर पंडितचा कळप आला. पंडित म्हणजे शेजारच्या गावचा मेंढपाळ. दोन्ही कळप पाण्यावर एक झाले, नुसती पाठींची गर्दी. धनश्री घाबरली. पण पाणी पिऊन झाल्यावर पंडितनं एक शीळ घातली, छबुबाईनं च्यक च्यक केलं, आणि दूध-पाणी वेगळं व्हावं तसे कळप आपोआप फुटायला लागले.

"हे कसं केलंत?" धनश्रीनं तिचा हातच धरला. छबुबाई उत्तर द्यायला वळली. तेवढ्या वेळात पाठीमागं काय घडलं, ते दोघींना कळलं न्हाई.

दिवस कलायला लागला तसा कळप वाड्यावर आला. अण्णा खुर्ची टाकून बसलेले. उत्तरेश्वर दाराशी यंत्र घेऊन उभा. एकेक मेंढरू आत जाई, यंत्र टक वाजे. शेवटचं गेलं आणि तो म्हणाला, "बरोब्बर. सकाळी जेवढी, आता तेवढीच."

छबुबाई जाळीला हात लावून आत बघत होती. नुसती बघत होती, गर्दीच्या लग्नात पोरीला बघावं तसं. मग म्हणाली, "कानतुटीची लेक न्हाई आली."

"काकू, आकडा बरोबर हाय."

"आकडा बरुबर असंल. मेंढरं बरुबर न्हाईत."

"असं कसं म्हणता? एक न्हाई तर एक कमी पाहिजे ना?"

"मला काय म्हाईत तुझ्या डबीतलं. कानतुटी बघ, दाराकडं तोंड करून हुबी हाय. आईला इचार."

ती आत शिरली, पाठीवर हात टाकत टाकत मधोमध गेली आणि एका मेंढीला मानेला धरून बाहेर आणलं. आमच्या-तुमच्या डोळ्याला ती बाकीच्यांसारखीच.

"ही पाहुणी हाय. पंडितची."

"कशावरून?" अण्णांनी विचारलं.

"माझ्याकडं बघत न्हाई ती."

उत्तरेश्वरनं पंडितला फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडनं पंडितचा आवाज आला, "व्हय, एक परकी दिसायलीय माझ्यात. अन् माझी एक गेलीय. मी म्हणलं, छबुबाईचा फोन येईलच."

उत्तरेश्वरनं हातातल्या यंत्राकडं बघितलं आणि गुपचूप खिशात टाकलं. मग मोटारसायकल काढली, पाहुणीला पुढं घेतलं आणि कानतुटीच्या लेकीला आणायला निघाला. परवान्याचा तेवढा उपयोग झाला.

धनश्रीनं सकाळचा फुलीचा कागद काढला. 'मोजणी' हा शब्द खोडला, वर लिहिलं, 'कोण नाही ते ओळखणे', आणि त्याच्यापुढं मोठी बरोबरची खूण केली. ती खूणही छबुबाईला वाचता आली.

आठ दिवसांनी पत्र्याच्या खोलीत संचालक बसले. धनश्रीनं कागद वाचला. तीन पानं भरली होती. कुठला चारा केव्हा घातक, वारा बघून बसायची जागा, विणारी मेंढी, सोडून दिलेलं कोकरू दुसरीच्या अंगाला लावणं, शेतकऱ्याशी भांडण न होऊ देता बांधावरून जाणं. छबुबाई दाराशी बसून ऐकत होती. मधेच सारजाबाईच्या कानाशी लागली, "कोण हाय गं ही बाई? लईच करती बिचारी."

"तूच की," सारजाबाई म्हणाली.

"एवढं सगळं एक माणूस करतंय?" अण्णांनी विचारलं.

उत्तरेश्वर म्हणाला, "अण्णा, ह्यातलं मला दोनच येतंय. आन् मोटारसायकल तर कुठं आलीच न्हाई."

धनश्रीनं काम दोन जागांत वाटलं होतं. लसीच्या तारखा, कानातले बिल्ले, विक्रीची कागदपत्रं, ही एक जागा. कळप ही दुसरी. अण्णांचा चेहरा खुलला. "बे उत्तरेश्वर, तू संगणकावर बस. पण मेंढरात शिरू नगंस."

कळपाच्या जागेची जाहिरात लागली. शिक्षणाची अट नाही. परीक्षा एकच, आठ दिवस कळपासोबत राहायचं, मग नवव्या दिवशी सकाळी वाड्याच्या तोंडाशी उभं राहायचं, मेंढरं उठली पाहिजेत. आष्टीकडनं एक गडी आला, चांगला उंचापुरा. आठ दिवस राहिला, कळपाच्या मागं मागं हिंडला, नवव्या दिवशी काठी घेऊन उभा राहिला. चार कोकरं उठली. सरपंचानं कूस बदलली. मग छबुबाई नुसती दाराशी आली.

"हा काय न्याय व्हय," अण्णा हसत म्हणाले. "मतदारच सगळे हिचे."

पत्र द्यायच्या दिवशी छबुबाई आली ती हिरवं लुगडं नेसून. धनश्रीनं आधी मेंढरांकडं बघितलं. पण मेंढरं उठली. त्या बाईनं काय केलं होतं, तर ते नवं लुगडं तीन आठवडे वाड्याच्या जाळीवर टाकून ठेवलं होतं. सगळ्यांनी त्याला अंगं घासली होती. एका कोकरानं काठ चघळून अर्धी वीत खाल्ला होता. कळपाला आता ते लुगडं घरचंच वाटत होतं.

धनश्रीनं पत्र वाचून दाखवलं. छबुबाईनं अंगठा शाईत बुडवला आणि थांबली.

"का थांबलात मावशी?"

"त्यात ह्यांचं नाव हाय का?"

"आहे ना. छबुबाई सटवा, असंच लिहिलंय."

"मग बरं," ती म्हणाली, आणि अंगठा टेकवला.

तर एवढंच सांगायचं होतं. तुमी कधी केजच्या रस्त्यानं आलात आणि कळप आडवा आला, तर भोंगा वाजवू नका, गाडी बंद करा. पुढं घंटेवाला मेंढा दिसंल, मागं काठ कुरतडलेल्या हिरव्या लुगड्यातली बाई. खुशाल रामराम घाला, सरपंच बरा हाय का म्हणून विचारा, भाकर दिली तर खा. फक्त एक करा माझ्यासाठी, मेंढरं किती, ते तेवढं तिला विचारू नका.