खाल्लंत ना?

शूरोंगचं अर्धं तोंड गेलं ते तिला चूळ भरताना कळलं. पाणी डाव्या कोपऱ्यातून ओघळून सदऱ्यावर आलं. आरशात पाहिलं, तर डावा गाल लोंबलेला आणि डावा डोळा मिटत नव्हता. मोठ्या इस्पितळात तपासलं. मेंदू ठीक आहे, गालाची नस धरली आहे, असं म्हणाले आणि गोळ्या दिल्या.

पण शूरोंगच्या मनात भीती होती ती ओठाची. ती सनई वाजवायची. एकोणीस वर्षं ग्वानयिन मातेच्या जत्रेतला पहिला सूर तिचाच होता. यंदाची जत्रा चोवीस दिवसांवर आली होती, आणि सनईच्या पत्तीवर ओठ आवळले की सगळी हवा डावीकडून निसटून जायची.

तिनं देव्हाऱ्यापुढे बसून मातेला शब्द दिला होता. ओठ परत येईपर्यंत एकभुक्त राहीन. रोज दुपारी बाराला एकदाच जेवीन, त्याआधी हजार वेळा तुझं नाव घेईन. आणि हे कुणाला सांगणार नाही. चारचौघांत सांगितलेलं व्रत तिला उष्टं झाल्यासारखं वाटायचं.

शेजारी राहणारी धाकटी जाऊ लानफांग तिला सुया टोचून घ्यायला फू डॉक्टरांकडे घेऊन गेली. सकाळचे दहा वाजले होते. दोन्ही खाटांवर माणसं होती, म्हणून डॉक्टरांनी तिला खुर्चीत बसवलं. नाडी पाहिली, जीभ पाहिली, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते विचारलं.

"वहिनी, खाल्लंत ना?"

"खाल्लं, खाल्लं. तुम्ही?"

दुसरं काय म्हणणार? गल्लीत दिवसातून वीस जण हेच विचारतात आणि वीस जणांना हेच उत्तर मिळतं. उपाशी माणूसही तेच सांगतो. पोटात कालच्या दुपारनंतर काही नव्हतं, पण प्रश्न विचारला आहे हेच शूरोंगच्या ध्यानात आलं नाही.

"टोचल्यावर जड वाटेल, मुंग्या येतील, आतून ठणकेल," डॉक्टर म्हणाले. "ते चांगलं. पण घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारलं, तर तोंड दाबून बसायचं नाही. लगेच सांगायचं."

"अर्धं तोंड तसंही दाबलं जात नाही तिचं," लानफांग म्हणाली. बाकावरची माणसं हसली. शूरोंगनंही अर्ध्या तोंडानं हसून घेतलं.

आठ सुया चेहऱ्यावर, नववी हातावर अंगठ्याजवळ. डॉक्टर मोजून टोचत होते. गालात काही कळलं नाही. हातावरची सुई मात्र खोल ठणकली, आणि तो ठणका दंडापर्यंत चढला. मग मान गार पडली. समोरच्या तक्त्यावरची माणसाच्या देहाची आकृती हलायला लागली. आता सांगावं, असं तिला वाटलं. पण सांगितलं की विचारतील, मग व्रताचं बोलावं लागेल. थोड्या वेळात जाईल, असं म्हणत तिनं मनातल्या मनात नाव घ्यायला सुरुवात केली.

चाळिसाव्या नावाला ती खुर्चीतून घसरली.

"धरा तिला! खाली निजवा, पाय वर." सुया काढत डॉक्टरांचे हात भराभर चालले. एक, दोन, पाच, आठ. ते थांबले. "नऊ होत्या. कुणी हलू नका."

डॉक्टरांनी शूरोंगची बाही वर सारली. नववी सुई तिथेच होती, आवळलेल्या मुठीपाशी वाकलेली. त्यांनी मूठ हळूहळू सैल केली आणि सुई सरळ ओढून काढली.

"साखरेचं पाणी आणा."

शूरोंगला शुद्ध येत होती. चमचा दिसताच तिनं ओठ घट्ट मिटले. भिंतीवरच्या घड्याळात साडेदहा झाले होते. बारा वाजायला अजून दीड तास होता.

पण मिटला तो उजवा ओठ. लानफांगनं चमचा डाव्या कोपऱ्याला लावला आणि पाणी आत ओतलं. गोड घोट घशाखाली उतरला. शूरोंगच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"मोडलं," ती म्हणाली.

"काय मोडलं?"

मग सांगावंच लागलं.

"चूक माझीही आहे," डॉक्टर म्हणाले. "काय खाल्लं, किती वाजता, असं विचारायला हवं होतं. वहिनी, व्रत मोडा असं कोण म्हणतंय? दुपारी दीडला या, जेवून. आधी सांगितलं असतंत तर वेळ बदलली असती, एवढंच. पण उपाशी माणसाला मी सुई लावणार नाही."

"मातेला काय सांगू?"

"सांग, उजव्या बाजूनं पाळलं," लानफांग म्हणाली. "डावी मी फोडली. पाप लागलंच तर माझ्या नावावर."

दुसऱ्या दिवशी दीडला शूरोंग हजर.

"खाल्लंत ना?"

"बारा वाजता. दोन वाफवलेले पाव, कोबी, टोफू, बाजरीची पेज," ती खाली मान घालून म्हणाली. बाकावरच्या एका म्हाताऱ्यानं मग आपलंही जेवण न विचारता सांगून टाकलं.

या खेपेला तिला खाटेवर निजवलं. गालाला काही कळलं नाही. तिसऱ्या दिवशी नाही, चौथ्या दिवशीही नाही. "हमी देत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणाला तीन आठवडे लागतात, कुणाला वर्ष." घरी पत्ती तोंडात धरली की तीच फुसफूस. सहाव्या दिवशी मात्र सुई लागताच गालाच्या आत कुठेतरी जड, बोथट ठणका उठला, आणि शूरोंग पडल्या पडल्या रडली.

जत्रेला पाच दिवस उरले असताना लानफांग वाटी-चमचा घेऊन आली.

"तोंड पुढे कर."

"जेवण झालंय माझं."

"साधं पाणी आहे, व्रताला चालतं. मिट ओठ. घट्ट."

लानफांगनं चमचा त्याच डाव्या कोपऱ्याला लावला आणि कलंडवला. पाणी आत गेलं नाही. ओठाला अडून बाहेरूनच हनुवटीवर ओघळलं. लानफांगनं पुन्हा रेटून पाहिलं. ओठ थरथरला, पण उघडला नाही.

शूरोंगनं सदऱ्यानं हनुवटी पुसली, देव्हाऱ्याकडे पाहून हात जोडले आणि फडताळातून सनई काढली.