फुलीविना पाव

टॅमझिन ट्रेवेनने तुरुंगाच्या दारात निळी टोपली खाली ठेवली आणि गारठलेल्या हातांवर फुंकर घातली. टोपलीत अर्धा जवाचा पाव होता, दुसरं काही नाही.

"आलीस का मावशी?" दारावरचा ऑबरी पेंगेली किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत म्हणाला. त्याची आई आणि टॅमझिन प्रार्थनामंदिरात वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसायच्या, म्हणून मावशी. "आज टोपली भलतीच हलकी. लेकाला उपास घडवतेस की काय?"

"शुक्रवारचा उपास माझा रे, त्याचा नाही. ऑबरी, एक मागायचंय. माझ्या जॅगोला जिल्ह्याच्या खर्चाचा पाव सुरू कर."

पेंगेली हसला. "नको म्हणालीस तेव्हा सगळी रांग ऐकत होती की!"

ऐकत होती, खरंच. फुटलेल्या जहाजाची एक फळी जॅगोने किनाऱ्यावरून उचलली, गळक्या छपरासाठी. ती चोरी ठरली, आणि त्यापायी वसंतात कोर्ट भरेपर्यंत तो आत पडला. टॅमझिन पहिल्यांदा भेटायला आली ती केशराचा पाव आणि बटाट्याची करंजी घेऊन. कारकुनाने विचारलं, "घरून रोज येणार का?" आणि ही मान ताठ करून म्हणाली, "येणार तर! आमच्या घरात धर्मादाय तुकडा कुणी खाल्लेला नाही." ज्याला घरचं येतं त्याला जिल्ह्याचं मिळत नाही, पाव नाही आणि अंथरायला गवतही नाही, हे तिला नंतर कळलं. तेव्हाही तिला वाटलं होतं, बरंच झालं. हात धड होते, मासळी खारवायचं काम होतं.

मग मासळी किनाऱ्याकडे फिरकलीच नाही.

"मला आता जमत नाही रे," ती हळूच म्हणाली. "घरात विकण्यासारखं होतं ते गेलं."

पेंगेलीचं हसू मावळलं. "माझ्या हातात काय आहे मावशी? कर भरणारे जमीनदार प्रत्येक पावाच्या नावाने बोंब मारतात. पुढल्या शनिवारी न्यायाधीश तपासणीला येतील. त्याआधी आठवडाभर कैद्यासाठी कुणी आलेलं नसलं, तरच ते पावाच्या यादीत नाव चढवतात. आज हा अर्धा पाव आत गेला, की संपलं. मग पुढल्या महिन्यात."

"म्हणजे हा परत नेऊ?"

"ने."

तिने टोपलीवरचं फडकं सारखं केलं. "बरं. त्याला एवढं सांग, की त्याला पाव मिळावा म्हणूनच आई येत नाहीये."

"सांगेन. पण त्याला बायबलवर हात ठेवून विचारतात, बाहेर तुला खाऊ घालणारं कुणी आहे का? आपली आई दाराआड उभी आहे हे ठाऊक असताना जॅगो नाही म्हणेल?"

टॅमझिनने टोपली उचलली. खोटी शपथ घ्यायची नाही, हे तिनेच त्याला शिकवलं होतं. सफरचंदं चोरली तेव्हाही त्याने शेजारणीसमोर उभं राहून कबूल केलं होतं, आणि तिला त्याचा केवढा अभिमान वाटला होता.

"नको सांगूस मग," ती म्हणाली. "काहीच सांगू नकोस."

आठवडाभर तिने तुरुंगाकडे पाऊल टाकलं नाही. सकाळ-संध्याकाळ प्रार्थनेला बसे, पण त्याचं नाव आलं की शब्द अडकत. काय मागायचं देवाकडे? मुलाने आपल्याला विसरावं, हे?

तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र तिला राहवलं नाही. ज्यांना कुणी नाही आणि पावही नाही, ते कैदी रस्त्याकडच्या गजांतून दोरीला बूट बांधून खाली सोडत. येणारे-जाणारे त्यात काही टाकत, ते सगळे वाटून खात. वाटसरू टाकेल तर कोण अडवणार? तिने उरल्या जवाचा एक लहानसा पाव भाजला. भट्टीत घालण्याआधी अंगठ्याने वर फुली काढायची तिची रीत होती, तिच्या आईचीही तीच. अंगठा पिठावर टेकला, आणि तिने तो उचलून घेतला.

शेजारणीची काळी शाल नाकापर्यंत ओढून ती गजांखाली गेली. दोरी जॅगोच्याच हातात होती. गालफडं वर आली होती.

"गरीब कैद्यांची आठवण ठेवा हो!" तो ओरडत होता. तिने बुटात पाव ठेवला. त्याने दोरी ओढून घेतली.

"देव भलं करो, आजी. खाडीकडून आलात का? तिथं टॅमझिन ट्रेवेन म्हणून आहे... निळ्या टोपलीवाली. बरी आहे ना ती?"

तोंड उघडलं तर आवाज ओळखणार. तिने मान खाली घातली.

"बहिरी आहे रे म्हातारी," आतून कुणी म्हणालं. "आण तो पाव इकडे, वाटू दे."

जॅगोने पाव हातात घेतला, वास घेतला. मग उलटा केला, पुन्हा सुलटा केला, वरून अंगठा फिरवून पाहिला. गुळगुळीत होता.

"कुणा दुसरीचा आहे," तो म्हणाला आणि पाव आत दिला.

उद्या बायबलवर हात ठेवून तो 'कुणी नाही' म्हणणार होता, आणि खरं तेच सांगणार होता. टॅमझिन शालीआड तोंड दाबून, भिंतीला धरत धरत, खाडीच्या वाटेला लागली.