सासऱ्यांच्या हातातला चेंडू

क्रिकेटमध्ये बोलर बदलणं हे सभ्य काम आहे. सहा चेंडू झाले की माणूस आपला आपण बाजूला होतो. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्या पिचरला मॅनेजरने भर मैदानात जाऊन, हातातला चेंडू काढून घेऊन घरी बसवायचं असतं. हा खेळ ज्यांनी शोधला त्यांना सासरे नसावेत.

२०१४ साली आमच्या सिंगापूरच्या मराठी संघाचा मॅनेजर होता प्रबोध, पुण्याचा आयटीवाला. पिचर होते त्याचे सासरे शामकांतराव. तीस वर्षं जहाजावर इंजिनियर, जपानच्या कुठल्याशा बंदरात हा खेळ शिकलेले. निवृत्त होऊन ते दोन महिन्यांसाठी लेकीकडे, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये आले आणि संघाला आयता पिचर मिळाला.

प्रबोध अभ्यासू. साठ चेंडूंनंतर पिचर दमतो, हे त्याने लॅपटॉपवर सिद्ध केलं होतं. लीगमध्ये टिकायचं तर बुकित बातोकच्या मैदानावरचा त्या शनिवारचा सामना जिंकणं भाग होतं. त्याच्या बायकोने, स्मिताने मात्र सकाळीच बजावलं होतं, "हरलास तरी चालेल. पण बाबांचा अपमान झाला, तर ते अजून सहा आठवडे आपल्याकडेच आहेत."

पाचव्या इनिंगमध्ये आम्ही दोन रनांनी पुढे होतो. शामकांतरावांचे एक्क्याऐंशी चेंडू झाले होते. शेवटचे आठ कुठे पडले ते त्यांचं त्यांनाच माहीत. तिन्ही बेसवर समोरची माणसं उभी. बदली पिचर विवेक तिसऱ्या इनिंगपासून कडेला हात गरम करत होता. आता तो शिजायच्या बेतात होता.

प्रबोध निघाला.

"बाबा, दमलात का?"

"छे हो, प्रबोधराव. तुम्हीच दमलेले दिसताय. ऊन आहे."

"नाही, मी बरा आहे."

"मग झालं तर."

प्रबोध त्यांना पाणी पाजून परत आला.

"काय झालं?" विवेकने विचारलं.

"नको म्हणाले."

"अरे, तू विचारलंस?"

पुढच्या बॅटरला शामकांतरावांनी चार भलतेच चेंडू टाकले; नियमाप्रमाणे तो फुकट पहिल्या बेसवर गेला, भरलेल्या बेसवरचे सगळे एकेक घर पुढे सरकले आणि एक रन फुकट गेला. प्रबोध पुन्हा निघाला. या वेळी वाक्य पाठ होतं. ओठ हलताना लांबूनही दिसत होते. पोचल्यावर तो म्हणाला, "बाबा, गुडघा कसा आहे?"

गुडघ्याचं उत्तर यायच्या आत अंपायर आपल्या सिंगापुरी इंग्रजीसह मध्ये आला. "सेम इनिंग, सेकंड टाइम ऑलरेडी. पिचर मस्ट चेंज, लाह."

नियमच तसा आहे. एका इनिंगमध्ये मॅनेजर दुसऱ्यांदा पिचरपाशी गेला की पिचरला जावंच लागतं. एवढा अभ्यास केलेल्या प्रबोधला नेमका हाच नियम ठाऊक नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला दुःख म्हणायची पद्धत आहे.

विवेकने पुढे एकही रन दिला नाही. आम्ही जिंकलो. अंपायर किती निर्दय आहे, हे प्रबोध ज्याला त्याला सांगत हिंडला. सासऱ्यांना तर दोनदा.

सामन्यानंतर हॉकर सेंटरच्या खाऊगल्लीत शामकांतरावांनी कॉफी ढवळत विषय काढला.

"प्रबोधराव, इंजिन बंद करू का, असं कॅप्टनने मला कधी विचारलं नाही. कर म्हणायचा, मी करायचो. चेंडू मागायचा असतो हो. तुम्ही तब्येतीची चौकशी करता. मी काय, जावयासमोर दमलो म्हणून सांगू?"

प्रबोधने मान खाली घातली.

"चुकलंच, बाबा. पुढच्या शनिवारी सरळ मागेन." मग जरा थांबून म्हणाला, "चालेल ना तुम्हाला?"