पाळकाची मांडी

आमच्या बसमध्ये कोणी उभं राहत नाही. बाकं भरली की माणसं एकमेकांच्या मांडीवर बसतात. विचारायचं नाही, लाजायचं नाही. गड्याच्या मांडीवर गडी, बाईच्या मांडीवर बाई, तिच्या मांडीवर पोर आणि पोराच्या मांडीवर टोपलीतली कोंबडी. सावाई बेटाच्या किनाऱ्यानं खडखडत जाणारी लाकडी बस, आणि इओपु ड्रायव्हरनं खिडक्या थरथरतील इतक्या जोरात लावलेली गाणी. मला ती बस भारी आवडते. खरं सांगू? रविवारी माझ्या चर्चमध्येसुद्धा लोक इतके जवळ बसत नाहीत. तिथे दोन घराण्यांच्या मध्ये हातभर जागा मोकळी सोडलेली असते, आणि ती कोणी भरत नाही.

बसमध्ये मात्र दोनच मांड्या कायम रिकाम्या. दोन्ही ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावर. खिडकीकडची माझी, कारण मी गावचा पाळक. तिच्या शेजारची लेफाऊंची, कारण ते गावचे थोरले मताई, म्हणजे सगळ्या घराण्यांच्या प्रमुखांचे प्रमुख, पंचांचा शेवटचा शब्द. माझी मांडी आदरापोटी रिकामी, त्यांची भीतीपोटी.

"अहो, एक दिवस गंज चढेल तुमच्या मांडीला," माझी बायको सिउला मागच्या बाकावरून म्हणायची. तिच्या स्वतःच्या मांडीवर दोन-दोन बाया बसलेल्या असायच्या आणि तिघी मिळून माझ्यावर हसायच्या.

त्या शनिवारी मी जमिनीवर नव्हतोच. रविवारचं प्रवचन असं काही जमलं होतं की कधी एकदा सांगतो असं झालं होतं! विषय होता दुसऱ्याचं ओझं उचलणं. कुठे आवाज चढवायचा, कुठे थांबायचं, कुठे म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येणार, सगळं ठरलेलं. बोटीच्या धक्क्याजवळच्या सालेलोलोगाच्या बाजारात चर्चच्या छपरासाठी खिळे घ्यायला निघालो होतो, पण बसमध्ये बसल्या बसल्या माझे हात हवेत चालूच.

"पाळकसाहेब," लेफाऊ समोरच बघत म्हणाले, "माशा हाकलताय की प्रवचन करताय?"

"प्रवचन! उद्याचं. ऐकाल तर थक्क व्हाल."

"थक्क होऊ, पण लवकर होऊ द्या. मागच्या रविवारी तुमचं संपेपर्यंत माझ्या भट्टीतलं डुक्कर कोळसा झालं."

डुक्कर म्हटल्याबरोबर मागचे दोघेतिघे एकदम गप्प झाले. आमच्या गावात त्या दिवसांत लेफाऊंसमोर डुकराचं नाव निघालं की लोक गप्पच व्हायचे. याचं कारण तोआ.

तोआची डुकरं लेफाऊंच्या अळूच्या शेतात शिरली आणि सगळे कंद उकरून खाल्ले. एवढंच असतं तर भरपाई देऊन मिटलं असतं. पण तोआची जीभ! भर पंचांत तो म्हणाला, "डुकरांना कशाला बोल लावता? मताईंचं कुंपण त्यांच्या दातांइतकंच खिळखिळं आहे." आणि पंच हसले. इथेच सगळं बिघडलं. कंदांची भरपाई करता येते, हसण्याची कशी करणार? लेफाऊंनी त्याच बैठकीत तोआला वाळीत टाकलं. चर्चच्या मागचं त्याचं घर बंद झालं, आणि तो आणि त्याची बायको मालिया ओढ्यापलीकडच्या शेतातल्या झोपडीत राहायला गेले. त्याला कोणी घरात घ्यायचं नाही, होडीत घ्यायचं नाही, गाडीत बसायला जागा द्यायची नाही. पोरगी फेतुई तेवढी मावशीकडे गावात राहिली.

मला मात्र झोपडीवर जाता यायचं. पाळक पंचांत बसत नाही आणि पंचांचा हुकूम पाळकाला लागत नाही, हा आमच्याकडचा जुना करार आहे. दर गुरुवारी मी जायचो, प्रार्थना करायचो, मालियानं भाजलेला कंद खायचो आणि समाधानानं घरी यायचो. माझं काम झालं असंच मला वाटायचं.

बस ओढ्याजवळ आली तेव्हा आत मुंगीलाही जागा नव्हती. आणि रस्त्याच्या कडेला तोआ उभा! धुतलेला पांढरा शर्ट, हातात फुलांची माळ, आणि दुसरा हात वर. इओपुनं सवयीनं ब्रेक मारला. मग आपण काय केलं हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं गाणी बंद केली.

"चढू नकोस, तोआ," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "जागा नाही रे."

"शेजारच्या गावच्या पिकअपमध्ये एकाची जागा मिळणार होती. त्याचा स्प्रिंगचा पाटा तुटला म्हणे. इओपु, फेतुई बोटीवर आहे."

"माहीत आहे रे बाबा. पहाटेच्या फेरीला तिची पेटी मीच पोचवली."

सगळ्या गावाला माहीत होतं. फेतुई त्या सकाळच्या बोटीनं पलीकडच्या बेटावर आणि तिथून विमानानं ऑस्ट्रेलियाला निघाली होती, म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामाला. तीन-चार वर्षं तरी परत येणार नव्हती. या बसनंतर बोट गाठणारी दुसरी गाडी नव्हती.

"मग मला टपावर टाक," तोआ म्हणाला.

"टपावर अळूची पोती आहेत."

"मी पण पोतंच आहे रे."

कोणी हसलं नाही. सगळ्या बसची नजर लेफाऊंच्या पाठीवर. लेफाऊ पुतळ्यासारखे समोर बघत होते. इओपु गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसला होता, त्याला ना पुढे जाववत होतं ना थांबवत होतं. आणि मी? ओझ्यावरचं एवढं दणदणीत प्रवचन डोक्यात तयार असलेला मी खिडकीबाहेर नारळ बघत होतो! काहीतरी म्हणावं, मताईंना विनंती करावी, एखादी छोटी प्रार्थना करावी, असं मनात येत होतं.

तेवढ्यात मागून हातपंख्याची दांडी माझ्या खांद्यात टोचली.

"अहो," सिउला म्हणाली. "मांडी."

अंगातून वीज गेली माझ्या! इतकी सोपी गोष्ट, आणि ती माझ्याच खाली, माझ्याच हाडामासाची!

"तोआ!" मी ओरडलो. "चढ! माझ्या मांडीवर बस!"

बसमध्ये एकच गलका उडाला. "अगं बाई, पाळकाच्या मांडीवर!" मागची एक आजी किंचाळली. तोआ पायरीवरच अडखळला. आमच्याकडचा गडी म्हणजे गडीच असतो, पण तोआ त्यातही दोन गड्यांचा एक होता.

"नको पाळकसाहेब. मोडाल तुम्ही."

"मोडलो तर सिउला बघून घेईल. बोट थांबायची नाही. चढ म्हणतो ना!"

लेफाऊंनी मान वळवली नाही. "पाळकसाहेब," ते हळूच म्हणाले, "पंचांचा शब्द आहे."

"आहे ना! गावातल्या कोणीही याला जागा द्यायची नाही, कबूल. पण पाळकाची मांडी पंचांच्या हुकमात येत नाही, लेफाऊ. करार तुमच्याच आजोबांनी केलाय."

मला आनंदानं ओरडावंसं वाटत होतं. लेफाऊंनी गुडघे जरासे बाजूला घेतले, एका माणसाला पलीकडे जाता येईल एवढेच.

मोठ्यांच्या पुढून जाताना आमच्याकडे वाकून जावं लागतं. तोआ एवढा वाकला की त्याचं कपाळ लेफाऊंच्या गुडघ्याला लागायचं राहिलं. मग तो वळला आणि बसला.

देवा रे देवा! माझ्या तोंडून हवाच निघून गेली. माझ्या प्रवचनातलं ओझं फार सोयीचं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. त्याला घाम येत नव्हता, त्याला धुराचा वास नव्हता, त्याची हाडं माझ्या मांडीत रुतत नव्हती आणि ते पुन्हापुन्हा "दुखतंय का?" असं विचारत नव्हतं. ते ओझं मी कितीही वेळ उचललं असतं. आणि तरी सांगतो, चर्चमध्ये इतक्या वर्षांत मला जे वाटलं नाही ते त्या बाकावर वाटत होतं. हसू येत होतं, पाय मोडत होते आणि आतून कोणीतरी ढोल वाजवत होतं.

इओपुनं गाडी सोडली ती सुसाटच. वळणं आली. प्रत्येक वळणाला तोआ डावीकडे सरकायचा आणि त्याचा अर्धा भार लेफाऊंच्या गुडघ्यावर जायचा.

"माफ करा, मताई."

पुढचं वळण.

"माफ करा, मताई."

लेफाऊंनी गुडघा काढून घेतला नाही, हे मी पाहिलं. सिउलानंही पाहिलं, कारण पंख्याची दांडी पुन्हा टोचली.

आणि तेव्हा लांबून बोटीचा भोंगा ऐकू आला. तोआचं सगळं अंग ताठ झालं.

"इओपु!" लेफाऊ असे गरजले की मी दचकलो. "गाडी चालवतोस की कासव?"

"मताई, पुढे वळण आहे."

"वळण रोज असतं. बोट गेली म्हणजे?"

बसनं जो जल्लोष केला! आजी टाळ्या वाजवायला लागली, कोंबड्या फडफडल्या, इओपुनं गाणी पुन्हा लावली, आधीपेक्षा मोठ्यानं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण आवाज निघेना. कमरेखालचं सगळं बधिर झालं होतं.

"पाळकसाहेब, ओठ पांढरे पडलेत तुमचे," लेफाऊ म्हणाले.

"प्रार्थना करतोय."

"प्रार्थना करा, पाय कशाला घालवताय?" असं म्हणून त्यांनी तोआचा दंड धरला. "इकडे सरक."

तोआ हलला नाही. त्याला खरंच वाटेना.

"मताई, मी..."

"कान गेले का तुझे? इकडे सरक! उद्या पाळक उभा राहू शकला नाही तर प्रवचन कोण करणार? तू?"

आणि तोआ सरकला. गावचे थोरले मताई, ज्यांच्या मांडीवर त्यांची नातवंडंसुद्धा विचारून बसतात, त्यांच्या मांडीवर तोआ बसला. तोआ रडत होता. एवढा मोठा माणूस, माळ छातीशी धरून, हमसून हमसून.

"बस झालं," लेफाऊ पुटपुटले. "शर्ट भिजवशील. पोरगी काय म्हणेल?" थोड्या वेळानं ते म्हणाले, "कुंपण नवं घातलंय मी."

"बघितलं, मताई. भक्कम झालंय."

"आणि दात?"

मी डोळे मिटून घेतले. देवा, या माणसाची जीभ आज सांभाळ!

"दात..." तोआ नाक पुसत म्हणाला, "दात तर पहिल्यापासूनच भक्कम आहेत, मताई. माझा लचका तोडला तेव्हाच कळलं."

लेफाऊंच्या पोटातून खदखदून हसू वर आलं, आणि त्यांच्या मांडीवर बसलेला तोआ त्या हसण्याबरोबर वरखाली व्हायला लागला. मग काय विचारता! सगळी बस हसत होती, रडत होती, बाकं बडवत होती.

धक्क्यावर बोटीची फळी उचलायची तयारी चालली होती. बस थांबायच्या आत तोआनं उडी मारली. फेतुई कठड्याला धरून रस्त्याकडेच बघत उभी होती. तिनं त्याला पाहिलं आणि ती लोकांना ढकलत खाली धावली. खलाशी ओरडत होते, तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तोआनं तिच्या गळ्यात माळ घातली, आणि मग दोघांनी एकमेकांना सोडायचं नावच घेतलं नाही. मला आणि लेफाऊंना खाली उतरून हे बघायचं होतं, पण दोघांचेही पाय चालत नव्हते. शेवटी एकमेकांना धरून, लंगडत, दारुड्यांसारखे उतरलो.

"उद्याचं प्रवचन लांबवू नका," लेफाऊ डोळे पुसत म्हणाले.

"प्रवचन झालं की आत्ताच," मी म्हणालो.

परतीच्या फेरीला बस पुन्हा खच्चून भरली. तोआ मागे कुठेतरी कोणाच्यातरी मांडीवर होता, आणि एका दांडगट मच्छीमारानं न विचारता माझ्या मांडीवर बैठक मारली होती. मी कण्हत होतो आणि खूश होतो.

ओढा आला. मालिया झोपडीबाहेर रस्त्याला लागून उभी होती, बोटांत बोटं गुंफून. नवऱ्यानं पोरीला पाहिलं की नाही, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. इओपुनं गाडी थांबवली आणि तोआला उतरता यावं म्हणून मागचे लोक वाट करून द्यायला लागले.

"कोणाला उतरवतोस?" लेफाऊंनी विचारलं.

"तोआला, मताई."

"इथे कशाला? त्याचं घर चर्चच्या मागे आहे." मग त्यांनी खिडकीतून मालियाला हाक मारली. "चढ गं बाई, तुझ्या पोरीला माळ मिळाली. सामान उद्या उपासनेनंतर आणू. आणि सोमवारी पंचांपुढे एक डुक्कर भाजून घेऊन या, ज्यांनी माझे कंद खाल्ले त्यांतलंच."

मालिया बसच्या दारातच उभी राहिली. बसभर नजर फिरवली तिनं, सवयीनं, आपल्याला जागा नसणार म्हणून.

मागच्या बाकावर माझ्या बायकोनं आपल्या मांडीवर थाप मारली.