बोटाची सवय

मी इंग्रजी शिकवतो. माझी पद्धत कुणाला पटो न पटो, माझे विद्यार्थी पास होतात. 'ए' किंवा 'द' म्हणताना हात मागे. 'धिस', 'दॅट' म्हणताना बोट पुढे, थेट त्या वस्तूवर. महिनाभरात जीभ आणि बोट बरोबर चालायला लागतात. मग शेवटच्या तासाला मी सगळ्यांना हात मांड्यांखाली घालून बसवतो आणि बोटाची सवय मोडून काढतो. समोरच्या माणसावर बोट रोखलेलं कुणालाच खपत नाही.

मावशी वर्गात सगळ्यांत मोठ्या. इस्पितळात वीस वर्षं फरशी पुसून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. तोंडी परीक्षा पास झाल्या तर चौकशीच्या खिडकीत खुर्ची मिळणार होती, नाहीतर पुन्हा बादली आणि फडकं.

एकदा मी समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवत 'धिस क्लॉक' म्हणून गेलो.

"सर, ते तर पार तिकडे आहे की! दॅट ना?" मावशी म्हणाल्या.

वर्ग खो खो हसला. मीही हसलो, पण अंगाचा तिळपापड झाला होता.

शेवटच्या तासाला मी त्यांना दारातूनच परत पाठवलं. "मावशी, तुम्ही आता मलाच शिकवाल. घरी जा, आराम करा." बिचारी खूश होऊन गेली.

परीक्षेत त्यांची एकही चूक झाली नाही. वॉर्डातच परीक्षा घेणाऱ्या मेट्रनबाईंनी विचारलं, इथे कोण कोण आहे? मावशींनी आधी मेट्रनबाईंच्याच नाकासमोर बोट धरलं, मग कोपऱ्यातल्या पेशंटवर रोखलं. मेट्रनबाईंनी शेरा मारला: इंग्रजी उत्तम, वागणं उद्धट, नापास.

तो कागद घेऊन मावशी माझ्याकडे आल्या. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत आल्या.

"सर, तुमचा काही दोष नाही. माझंच बोट आवरलं नाही मला. पुढच्या वर्षी परत परीक्षा आहे. पहिल्यापासून शिकवाल?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. त्यांना पहिल्या बाकावर बसवलं.

"हं, ते घड्याळ दाखवा."

मावशींनी बोट वर केलं. "दॅट क्लॉक."

"चूक," मी म्हणालो. "पुन्हा."

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"धिस क्लॉक, सर," मावशी खालमानेनं म्हणाल्या.