गोधडीचा निळा कोपरा

"यंत्रयुग संपलं! आता हाताचे दिवस आले!" अशी घोषणा चिंतामणी सरांनी २००७ सालच्या डिसेंबरात कुळगावच्या एका मंगल कार्यालयातल्या प्रदर्शनात केली आणि नेमकी तेव्हाच बदलापूरची वीज गेली. माईक मुका झाला. यंत्रयुग संपवणारे सर "अरे जनरेटर, जनरेटर!" करत व्यासपीठावरून खाली धावले. डिझेलचं ते धूड भटभटायला लागेपर्यंत हाताचे दिवस लांबणीवर पडले.

मागच्या रांगेत द्रौपदी तोंडाला पदर लावून हसली. मांडीवर नवी शिवलेली गोधडी होती. सरांवर तिची माया होती. निवृत्त मास्तर, पुरोगामी माणूस. कात्रपला तिच्या दोन खोल्यांत मांडी घालून बोंबलाचं कालवण खाल्लेलं, वर बोटं चाटलेली. "हाताला जात नसते, द्रौपदीताई," हे वाक्य तिच्याकडे जेवताना ते हमखास म्हणायचे. इतक्यांदा म्हणायचे, की तिला वाटे, नसते तर हे विसरत का नाहीत?

त्या काळात शहरांत हातच्या वस्तूंचं वेड शिरलं होतं. ज्यांच्या घरी गोधडी कालपर्यंत माळ्यावर पडायची, त्यांना अचानक ब्लँकेट टोचू लागलं. टाका सरळ असेल तर संशय, वाकडा असेल तर कौतुक. सरांनी वारं ओळखून 'हस्तस्पर्श' नावाची संस्था काढली. गोधड्या द्रौपदीच्या, प्रदर्शनं सरांची आणि स्टॉलवर उभी राहायला द्रौपदीची लेक प्रीती. प्रीती बी.कॉम. झालेली, बोलायला चटपटीत. "आई, तू नको येऊस, खूप गर्दी असते," असं ती दर वेळी म्हणायची. आज द्रौपदी न सांगता आली होती.

दिवे आले तशी ती स्टॉलकडे गेली. गोधड्यांचा ढीग बघून ऊर भरून आला. सवयीनं तिनं वरच्या गोधडीचा कोपरा चाचपला. हात थांबला. दुसरी उलटली, तिसरी उलटली.

तिच्या माहेरची एक रीत होती. जयंतीच्या पताका उतरल्या की आई, मोतीबाई, फाटलेलं निळं कापड धुऊन ठेवायची. प्रत्येक गोधडीच्या उशाकडच्या कोपऱ्यात त्यातला एक चौकोन लागायचा. "पांघरणाऱ्याला उसं कळतं, नि कुणी शिवलं तेपण कळतं," मोतीबाई म्हणायची. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून आलेली बाई, पण कोपरा लावल्याशिवाय गोधडी कुणाच्या अंगावर घालू द्यायची नाही.

इथं एकीलाही निळा कोपरा नव्हता. त्या जागी लाल खणाचे तुकडे बसवलेले. शेजारी सुबक पाटी: 'चिंतामणी सरांच्या आजीच्या साड्यांतून, सोवळ्यातल्या हातांनी.'

"सर, हे कुणी उसवलं?"

सर दचकले, पण क्षणभरच. "अरे वा, द्रौपदीताई! या ना! काय आहे, गैरसमज नको. मी बदललेलो नाही. गिऱ्हाईक बदलायला जरा वेळ लागतो. तोवर आपण फक्त कोपरा बदलला."

"उसवला कुणी, ते विचारते."

सर टेबलक्लॉथच्या सुरकुत्या सारख्या करू लागले. उत्तर मागून आलं.

"मी, आई."

द्रौपदी वळली. प्रीतीच्या छातीवर बिल्ला होता. त्यावर नुसतं 'प्रीती' लिहिलेलं, पुढं काही नाही.

"अंबरनाथच्या प्रदर्शनात एक मॅडम आल्या," प्रीती खाली बघत म्हणाली. "गोधडी गालाला लावली. म्हणाल्या, काय ऊब आहे गं! मग विचारलं, शिवणारीचं पूर्ण नाव काय? मी सांगितलं. त्यांनी दोन बोटांनी गोधडी परत ठेवली. पर्समधून ओला रुमाल काढला आणि गाल पुसला."

"आणि तू?"

"मी घडी घातली. रात्री घरी तुझी कात्री घेतली."

त्या मॅडमनं गाल पुसला त्याचं द्रौपदीला नवल नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच कात्रीनं लेकीनं आजीची खूण उसवली आणि नंतर आपल्याच ताटात जेवली, हे काही केल्या गिळवेना.

"ताई, मार्केट आहे," सर मृदू आवाजात म्हणाले. "पुण्याची पार्टी आलीय. पुढच्या प्रदर्शनात नावाचं नक्की बघू."

"सर, तुमच्या आजीला साड्या तरी किती हो? एका गोधडीला पाच-सहा लागतात. दुकान होतं का आजीचं?"

"म्हणजे, तसं..."

"ह्या साड्या उल्हासनगरच्या भांडीवालीकडच्या. कुठल्या घरातल्या, कुणी किती वर्षं नेसलेल्या, तिलाही ठाऊक नाही. त्या चालतात तुमच्या गिऱ्हाइकांना. अडतंय ते माझ्या हाताशी." तिनं पाटी उचलून सरांच्या हातात दिली. "कोपरा लागल्याशिवाय आणि नाव सांगितल्याशिवाय एक गोधडी इथून हलायची नाही. आणि सर, माझ्याकडचे बोंबील आजपासून बंद."

सरांना नेमकं हे शेवटचं लागलं.

द्रौपदीनं स्टॉलपुढच्या सतरंजीवर बैठक मारली. पदराच्या टोकाला टोचलेली सुई काढली आणि मांडीवरच्या गोधडीचा निळा कोपरा फाडून घ्यायला धरला. त्यातून किती गोधड्या भागणार होत्या, ते तिलाही ठाऊक नव्हतं.

प्रीती टेबलाखाली वाकली. एक कॅरीबॅग आईपुढं ठेवली. आत निळे चौकोन होते, एकावर एक, इस्त्री केल्यासारखे.

"टाकवले नाहीत मला," ती म्हणाली.

द्रौपदीनं तिच्याकडे पाहिलं नाही. पण दुसरी सुई पुढं केली. प्रीती बिल्ला काढून शेजारी बसली आणि दोरा ओवू लागली.

माणसं जमली. सरांना ही संधी कशी सोडवेल? "लाइव्ह डेमो! हाताची जादू बघा!" त्यांनी माईकवर सांगून टाकलं.

"जादू नाही," द्रौपदी मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "मी द्रौपदी भगवान पगारे, राहणार कात्रप. ही माझी मुलगी, प्रीती भगवान पगारे. गोधड्या आमच्या हातच्या. हा कोपरा आमच्या जयंतीच्या पताकेचा. घ्यायची तर ह्याच्यासकट घ्या."

जनरेटर तेवढा भटभटत राहिला. गर्दीतून एक बाई पुढं आल्या, द्रौपदीसमोर वाकल्या. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला, निळ्या चौकोनावर बोट थांबवलं. त्यांचे डोळे पाणावले होते. द्रौपदीची सुई टाक्यातच थांबली. बाईंनी पर्स उघडली. रुमाल नव्हता, छोटा डिजिटल कॅमेरा निघाला.

"किती ऑथेंटिक!" त्या म्हणाल्या. "मावशी, तेवढा हात जरा बाजूला घ्या ना, फोटोत येतोय."